जुन्या बास्केटबॉल बुटाला रोजच्या चालण्याची कसोटी

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझे दिवसातले तीन-चार तास कामावर उभे राहण्यात जातात आणि जाता-येता मिळून तासभर तरी चालणे होते. जुन्या बास्केटबॉल बुटांच्या धर्तीवर नव्याने काढलेला, घोट्याच्या खाली संपणारा, पांढऱ्या चामड्याचा एक जोड माझ्या मनात भरला आहे. दुकानात पाच मिनिटे घालून पाहिला, तेव्हा दिसायला उत्तम, पण काहीसा जड आणि तळाशी ताठ वाटला. एक मित्र म्हणतो की चामडे रुळले की बूट पायाचाच होऊन जातो. दुसरा म्हणतो की चाळीस वर्षांपूर्वीचा बूट आज घालण्यात काही अर्थ नाही. नेहमीपेक्षा अर्धे माप कमी घ्यावे, असाही सल्ला मिळाला आहे, परंतु माझे पाय चवड्याशी रुंद आहेत. घोटा उघडा राहिल्याने पाय मुरगळेल, अशी पत्नीला काळजी वाटते. सकाळचे धावणेही ह्याच बुटात जमेल का? हा बूट रोजच्या वापरासाठी पारखावा कसा?

उत्तर : तुमच्या दोन्ही मित्रांचे म्हणणे अर्धे अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच त्यातून तुमचा निर्णय होत नाही. बूट कोणत्या जमिनीसाठी आणि कोणत्या हालचालीसाठी घडवला गेला, आणि तुमचा दिवस कोणत्या जमिनीवर कोणत्या हालचालीत जातो, ह्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तर बहुतेक शंकांची उत्तरे मिळतात. बास्केटबॉलचा खेळाडू गुळगुळीत लाकडी मैदानावर धावता धावता एकदम थांबतो, आडवा सरकतो, एका पायावर गिरकी घेतो आणि उंच उडी मारून खाली येतो. अमेरिकेतील एनबीए ह्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेच्या सामन्यात प्रत्यक्ष खेळाचा वेळ 48 मिनिटांचा असतो, आणि तेवढ्यातही खेळाडू अधूनमधून बाकावर बसतो. तुम्ही मात्र फरशीवर, सिमेंटवर आणि डांबरावर सरळ रेषेत चालता, मग तासन् तास एकाच जागी उभे राहता, आणि बूट पायात सकाळपासून संध्याकाळपर्यंत असतो.

मैदानासाठी केलेल्या रचनेतले काही गुण ह्या दिवसक्रमातही उपयोगी पडतात. तळ रुंद आणि सपाट असल्यामुळे उभे राहताना पाय डगमगत नाही. बाजूच्या रबरी भिंती पायाला आडव्या दिशेने धरून ठेवतात. शिवलेला तळ सहसा उखडत नाही. तीन-चार तास उभे राहणाऱ्या माणसाला ह्या गोष्टी जाणवण्याइतक्या सुखाच्या असतात, आणि पायात लोण्यासारख्या मऊ वाटणाऱ्या बुटात त्या अनेकदा नसतात. अडचण येते ती चालताना. चालताना टाच जमिनीला टेकते, भार पुढे सरकतो आणि बोटांच्या मुळाशी पाय दुमडतो. ताठ, सपाट आणि जाड तळ नेमका ह्या दुमडण्यालाच विरोध करतो. त्यामुळे तुमच्या बाबतीत खरी परीक्षा चवड्याखालच्या लवचीकतेची आहे, आणि दुकानात ताठपणा जाणवला हे तुमचे निरीक्षण वजनाच्या तक्रारीपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे.

‘रेट्रो’, म्हणजे जुन्या धर्तीचे, ह्या एकाच नावाखाली फार वेगवेगळे बूट विकले जातात, हेही येथे ध्यानात घ्यायला हवे. कॉन्व्हर्सचा ऑल स्टार 1917 मध्ये आला आणि त्याची घोट्याखालची आवृत्ती 1957 मध्ये. तो कॅनव्हासचा, पातळ तळाचा बूट आहे आणि पायाखाली आधार म्हणावा असे त्यात फारसे काही नाही. आदिदासचा सुपरस्टार 1969 चा. चामड्याचा, शिंपल्यासारख्या रबरी टोकाचा आणि बराचसा रबराच्याच जोरावर उभा राहणारा. न्यूयॉर्क निक्स ह्या संघाचा खेळाडू वॉल्ट फ्रेझर ह्याच्यासाठी प्यूमाने 1973 मध्ये काढलेला क्लाइड स्वेडचा, म्हणजे मखमलीसारख्या लवदार चामड्याचा होता. नायकेचा एअर फोर्स वन 1982 मध्ये ब्रूस किलगोर ह्यांनी घडवला, आणि तळात हवाबंद पिशवी असलेला त्या कंपनीचा तो पहिला बास्केटबॉल बूट ठरला. पुढे 1985 मध्ये त्याच कंपनीत पीटर मूर ह्यांच्या हातून आलेले एअर जॉर्डन वन आणि डंक हे दोन बूट लांबून जुळ्या भावांसारखे दिसतात, पण जॉर्डनच्या टाचेखाली हवेची पिशवी होती आणि डंकमध्ये ती नव्हती. न्यू बॅलन्सचा 550 हा 1989 चा बूट 2020 मध्ये पुन्हा बाजारात आला. म्हणजे ‘चाळीस वर्षांपूर्वीचा बूट’ असे सरसकट म्हणून चालत नाही. सुपरस्टार आणि एअर फोर्स वन ह्यांच्यामध्ये तेरा वर्षांचे अंतर आहे, आणि टाचेला ते अंतर कळते. शिवाय नव्या आवृत्तीत बाह्य रूप तेच ठेवून आतला फोम, चामड्याचा दर्जा आणि कधी कधी साचाही (पायाच्या आकाराचा ठोकळा, ज्यावर बूट बेततात) बदललेला असतो, त्यामुळे मूळ बुटाची कीर्ती नव्या जोडाला आपोआप लागू होत नाही. विक्रेत्याला मॉडेलचे नाव विचारण्यासोबत ‘टाचेखाली काय आहे’ हेही विचारावे. उत्तर आले नाही तर स्वतः आतले, तळपायाखालचे अस्तर उचलून पाहावे.

ह्या जातीच्या बहुतेक चामडी बुटांचा तळ वाडग्यासारखा असतो : रबराचा उथळ वाडगा, त्यात फोमची गादी, आणि वाडग्याच्या कडा वरच्या चामड्याला चारी बाजूंनी शिवलेल्या. बाहेरून जाड दिसणाऱ्या तळातली बरीचशी उंची निव्वळ कठीण रबराची असू शकते आणि गादी आत अगदीच पातळ असू शकते. बाहेरच्या जाडीवरून मऊपणाचा अंदाज बांधणे ही ह्या बुटांच्या बाबतीतली सर्वांत सामान्य फसगत आहे. पारखण्यासाठी बूट दोन्ही हातांत धरून टोक वर वाकवावे. तो बोटांच्या मुळाशी, म्हणजे पुढच्या साधारण तिसऱ्या भागात वाकला पाहिजे. मधोमध, कमानीखाली वाकत असेल तर तो पायाला आधार देणार नाही, आणि कोठेच वाकत नसेल तर तुमच्या चालण्याच्या तासभरात पोटरीला आणि टाचेच्या मागच्या शिरेला त्याची किंमत मोजावी लागेल. नवा बूट थोडा ताठ असणारच, आणि आठवडा-दोन आठवड्यांत तो काही प्रमाणात सैलावतो, एवढे तुमच्या पहिल्या मित्राचे म्हणणे मान्य करायला हवे. मात्र जे रुळते ते मुख्यतः चामडे आणि थोडाफार तळाचा वाक. पातळ गादी रुळून जाड होत नाही, उलट फोम वापराने दबतच जातो. आज दुकानात टाचेखाली जमीन कठीण लागत असेल, तर सहा महिन्यांनी ती अधिकच कठीण लागेल.

आतले अस्तर सुटे निघते की चिकटवलेले आहे, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. सुटे असेल तर पुढे कधी त्याजागी अधिक चांगले अस्तर घालता येते, आणि ही सोय असलेल्या बुटाला मी इतर दोन-तीन उणिवा सहज माफ करीन. फक्त जाड अस्तर घातले की पाय वर उचलला जातो, टाचेमागची कड आणखी बुटकी पडते आणि टाच निसटू लागते. म्हणून बदली अस्तर मूळ अस्तराच्याच जाडीचे असावे.

वजनाबद्दल. पायावर वाहिलेले वजन शरीराला खरोखरच जाणवते. धावताना प्रत्येक बुटात 100 ग्रॅम वाढले तर लागणारी ऊर्जा साधारण एक टक्क्याने वाढते, असे मोजमापांतून दिसून आले आहे. तासभराच्या साध्या चालण्यात हा फरक इतका मोठा नाही की त्यासाठी आवडलेला बूट नाकारावा. पुष्कळदा बूट ‘जड’ वाटतो तो टाच आत सैल बसल्यामुळे : पाऊल उचलताना बूट खाली लोंबतो, तो निसटू नये म्हणून बोटे नकळत आवळली जातात आणि दिवसाच्या शेवटी पंजा दुखतो. टाच घट्ट धरून ठेवणारा जड बूट टाच निसटणाऱ्या हलक्या बुटापेक्षा बरा.

आता मापाविषयी, कारण तुमच्या पत्रातला सर्वांत धोक्याचा सल्ला तोच आहे. अर्धे माप कमी घेण्याची गोष्ट निराधार नाही. एअर फोर्स वन अनेकांना लांबीला मोठा पडतो आणि ते लोक अर्धे माप खाली उतरतात. परंतु हा एका विशिष्ट साच्याचा गुण आहे, सगळ्या जुन्या बास्केटबॉल बुटांचा नियम नाही, आणि अर्धे माप उतरताना लांबीबरोबर रुंदीही कमी होते, जी तुम्हाला परवडणारी नाही. चामडे रुंदीला थोडे ताणते, लांबीला ताणत नाही. अंगठा पुढे टेकत असेल तर कितीही वापरला तरी तो टेकतच राहील. बाजूने किंचित आवळत असेल तर काही दिवसांत सैल पडण्याची आशा ठेवता येते. किंचित, एवढेच, करंगळी दुकानातच दुखू लागली असेल तर तो बूट तुमचा नव्हे.

आकड्यांवरही आंधळा विश्वास ठेवू नये. ब्रिटिश आणि अमेरिकी मापांत एक पूर्ण माप म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर; युरोपीय मापात एक आकडा म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर. त्यातही पुरुषांच्या बुटांत नायके ब्रिटिश आणि अमेरिकी मापांत एकाचा फरक धरते, तर आदिदास अर्ध्याचा, त्यामुळे एका कंपनीतले ‘आठ’ दुसऱ्या कंपनीतल्या ‘आठ’शी जुळेलच असे नाही. बुटाच्या जिभेच्या (लेसखालच्या पडद्याच्या) आतल्या पट्टीवर बहुधा सेंटिमीटरमधले माप छापलेले असते, तेच तुलनेला सोपे. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहावे, सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी दोन्ही पायांची वेगवेगळी मोजावी, आणि जो पाय मोठा भरेल त्याला प्रमाण मानावे. हे मोजणे आणि खरेदी दोन्ही संध्याकाळी करावी, कारण दिवसभराच्या उभे राहण्याने पाय थोडे सुजतात आणि तुमचा तर दिवसच उभे राहण्याचा आहे. नेहमी जे मोजे घालता तेच घालून जावे.

रुंद पायांसाठी ह्याहून चांगली एक परीक्षा आहे. सुटे अस्तर बाहेर काढून जमिनीवर ठेवावे आणि त्यावर पूर्ण भार देऊन उभे राहावे. पायाची कड करंगळीच्या बाजूने अस्तराबाहेर ठळकपणे जात असेल, तर बुटाची बाजू दिवसभर तेथे घासणार हे ठरलेले आहे. बोटांपुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा उरली पाहिजे. मग अस्तर परत घालून लेस नीट बांधाव्यात (सैल लेसने बूट पारखणे म्हणजे पारखणेच नाही) आणि वीस-पंचवीस मिनिटे चालावे, जिना असेल तर उतरून पाहावे. उतरताना बोटे पुढे आपटतात का आणि टाच उचलली जाते का, हे तेव्हाच कळते. पाच मिनिटे ह्यासाठी अपुरी आहेत. परत करण्याची मुभा असेल तर एक संपूर्ण संध्याकाळ घरात, स्वच्छ जमिनीवर बूट घालून वावरावे. घोट्याचे हाड कडेला घासते का, हेही पाहावे. लो-टॉप, म्हणजे घोट्याखाली संपणाऱ्या, बुटाची कड काही जणांच्या बाबतीत नेमकी हाडाखाली येते आणि चावते, आणि ही तक्रार मोजे बदलून क्वचितच जाते.

चामड्याची पारख दुकानातल्या दिव्याखाली कठीण असते, कारण नव्या पांढऱ्या बुटांवर बहुधा रंगाचा आणि प्लास्टिकसारख्या लेपाचा थर असतो. बोटांच्या भागावर अंगठा दाबून पाहावा : बारीक, मऊ सुरकुत्या उमटून नाहीशा होत असतील तर थर पातळ आहे, एकच कडक घडी पडत असेल तर पुढे तेथेच भेग पडण्याचा संभव अधिक. घडी पडणे हा दोष नव्हे. पाय जेथे दुमडतो तेथे चामडे दुमडणारच, आणि घड्या पडू नयेत म्हणून बदकासारखे चालणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती वाटते, पण त्यांना सल्ला देणे अवघड आहे. स्वेड पायाला लवकर सैल होते आणि अंगावर सुरेख दिसते, मात्र पाणी आणि तेलाचे डाग त्याला सोसत नाहीत. रोज, सर्व ऋतूंत वापरायच्या एकुलत्या जोडासाठी मी गुळगुळीत चामडेच निवडीन. बोटांवरची भोके केवळ शोभेची आहेत की आरपार आहेत, हे आतून बोट फिरवून कळते.

तळावरच्या नक्षीकडे खरेदीच्या वेळी फारसे कोणी पाहत नाही. चवड्याखाली दिसणारी एकात एक वर्तुळे गिरकी घेण्यासाठी आहेत, आणि नागमोडी रेषा लाकडी मैदानावर पकड मिळावी म्हणून. कोरड्या फरशीवर दोन्ही चांगल्या चालतात. ओल्या, गुळगुळीत फरशीवर उथळ नक्षीचे कठीण रबर घसरते, आणि वर्तुळे झिजून सपाट झाली की अधिकच घसरते; तुमच्या कामाच्या जागी फरशी वारंवार पुसली जात असेल, तर ही गोष्ट रंगरूपाच्या आधी विचारात घ्यावी.

तुमच्या पत्नीची काळजी समजण्यासारखी आहे, पण चालण्याच्या बाबतीत तिला फारसा आधार नाही. उंच गळ्याच्या बुटाने घोटा सुरक्षित राहतो हा समज खुद्द बास्केटबॉलमध्येही तपासला गेला आहे : 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात महाविद्यालयीन स्तरावरच्या सहाशेहून अधिक खेळाडूंना उंच आणि बुटक्या बुटांत विभागून पाहिले, तेव्हा घोटा मुरगळण्याच्या प्रमाणात ठळक फरक आढळला नाही. पुढे कोबी ब्रायंटसारख्या खेळाडूने सर्वोच्च पातळीवर लो-टॉप बूट घालून खेळून दाखवले. रोजच्या चालण्यात पाय मुरगळतो तो बहुधा सैल टाचेमुळे आणि एका बाजूने झिजलेल्या तळामुळे. ह्यापूर्वी घोटा वारंवार मुरगळला असेल, किंवा सकाळी उठल्यावर पहिल्या पावलांना टाच दुखत असेल, तर मात्र बूट निवडण्याआधी डॉक्टरांना पाय दाखवावा.

सवलतीत मिळणाऱ्या जुन्या साठ्याबद्दल एक इशारा द्यायला हवा, कारण ह्या प्रकारच्या बुटांचे शौकीन त्याच्या मोहात पडतात. गादी पॉलियुरेथेन ह्या प्रकारच्या फोमची असेल तर हवेतल्या ओलाव्याने ती वर्षानुवर्षे आतून विघटित होत राहते, बूट एकदाही घातला नसला तरी. बाहेरून कोरा करकरीत दिसणारा दहा-पंधरा वर्षांचा जोड पहिल्याच फेरीत तळाशी भुगा होऊ शकतो. अनेक कंपन्या जिभेवरच्या पट्टीत निर्मितीची तारीख छापतात. ती वाचावी, आणि फार जुनी असेल तर बूट कपाटात शोभेला ठेवण्यासाठीच घ्यावा.

एकंदरीत, तुम्ही वर्णन केलेला दिवस पाहता मी हा बूट घ्यायला सांगेन, पण दोन अटींवर : टाचेखाली फोमची पुरेशी गादी किंवा हवेची पिशवी असलेले मॉडेल असावे, आणि अस्तरावर उभे राहून केलेल्या परीक्षेत तुमची करंगळी आत राहिली पाहिजे. ह्यांपैकी एक जरी अट पुरी झाली नाही, तरी रूप कितीही आवडले असले तरी दुसरे मॉडेल पाहावे. ह्या घराण्यात पर्यायांची वाण नाही. रूप आवडणे हे बूट घेण्याचे पुरेसे सबळ कारण आहे. फक्त ते आरामाच्या खात्यात जमा करू नये.

घेतल्यावर पहिले काही दिवस तो दोन-तीन तासांपुरताच घालावा, आणि पुढेही लागोपाठ रोज न घालता शक्य तर एक दिवसाआड घालावा, कारण दिवसभरात चामडे आणि आतले अस्तर घाम शोषून घेतात आणि ते पूर्ण वाळायला एक रात्र पुरत नाही. ओलसर फडक्याने पुसणे पुरेसे असते. धुण्याच्या यंत्रात चामडी बूट घालू नये आणि भिजला तर उन्हात न ठेवता आत कागद कोंबून सावलीत वाळवावा. उन्हाने चामडे कडक होते आणि पांढरे रबर लवकर पिवळे पडते.

धावण्यासाठी हा बूट वापरू नये. बसचा पाठलाग करण्यापुरते धावणे त्यात निभेल, पण नियमित धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार जमिनीवर येतो, आणि पातळ गादीचा, ताठ तळाचा बूट तो भार शोषण्यासाठी आणि पुढे सरकवण्यासाठी घडवलेला नाही. सकाळसाठी धावण्याचा वेगळा जोड घ्यावा. खर्च एकदम झेपणार नसेल, तर आधी तो घ्यावा आणि पांढऱ्या चामड्याची खरेदी पुढे ढकलावी.